आधी फुटला कोण?

वऱ्हाडात एखादी सहकारी संस्था बुडाली की ठपका ठरलेला असतो: आपला शेतकरीच एकीनं राहत नाही. हा ठपका खोटा आहे, आणि तो ठेवणारे बहुतेक वेळा त्याच संस्थेच्या खुर्च्यांवर बसलेले असतात.

कापूस एकाधिकार खरेदी योजनेचंच घ्या. १९७२ साली ती सुरू झाली तेव्हा हेतू चांगला होता. सरकारनं हमीभाव द्यायचा, रुई-सरकी विकून नफा झाला तर त्यातला वाटा पराटी पिकवणाऱ्याला परत करायचा. अमरावती-अकोल्यातल्या सहकारी जिनिंग-प्रेसिंगना त्यातून काम मिळालं. पण खरेदी केंद्राच्या फाटकावर काय चाललं होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. साध्या शेतकऱ्याची बंडी काट्यासाठी रात्रभर रांगेत उभी, आणि पुढाऱ्याची चिठ्ठी आणणाऱ्याचा ट्रॅक्टर सरळ आत. ग्रेडरनं मूठभर कापूस उचलून धागा ओढायचा आणि प्रत उतरवायची; दाद कुणाकडे मागणार? चुकारे महिनोन्महिने रखडायचे, तोवर सावकाराचं व्याज चढायचं. बाहेर भाव पडले की व्यापाऱ्याचा कापूस शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर केंद्रात शिरायचा. बाहेर भाव चढले की कापूस रातोरात मध्य प्रदेशाच्या हद्दीत जायचा. तोटा योजनेच्या खात्यावर पडत गेला. २००२ मध्ये खासगी खरेदीला वाट मोकळी झाली, तेव्हा त्या रांगेतल्या माणसाला फितूर ठरवायला आपण मोकळे! सातबारा वापरणाऱ्या व्यापाऱ्याला आणि चिठ्ठी देणाऱ्या पुढाऱ्याला मात्र गावानं कधी जाब विचारला नाही. लग्नात त्यांनाच पहिल्या रांगेत बसवलं.

त्याच २००२ सालच्या एका दुरुस्तीनं कंपनी कायद्यात शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी आली. दहा उत्पादक जमले की कंपनी काढता येते, भाग कितीही असोत, मत एकच. आज आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सोयाबीन, तूर, हरभऱ्याचा व्यवहार अशा कंपन्या करतात, मोठ्या महासंघांशी जोडून घेतात. काही टिकतात, काही नावापुरत्या उरतात. ज्या कंपनीत माल मोजला की पैसे वेळेवर खात्यावर पडतात, ओलाव्याची कपात सभासदासमोर यंत्रावर होते आणि हिशेब सभेत उघड मांडला जातो, तिथून सभासद हलत नाही. कंपनीही महासंघ सोडत नाही. जिथे एकाच घरातले संचालक, अनुदानापुरत्या गोळा केलेल्या सह्या आणि गोदामाची किल्ली एकाच्याच खिशात, तिथला शेतकरी अडत्याकडे जातो. अडत्या नाडतो, हे त्याला ठाऊक आहे. पण जूनमध्ये बियाण्याला पैसे अडत्यानंच दिलेले असतात. कंपनीनं त्या वेळी साधी विचारपूसही केलेली नसते.

२७ डिसेंबरला, जयंतीदिनी, पंजाबराव देशमुखांच्या तसबिरीला हार घालताना आपल्याला हे आठवत नाही, याची मला चीड येते. पापळच्या त्या माणसानं शेतकऱ्याला शिकवायला आयुष्य वेचलं, आणि शिकलेले आपणच त्याच्या मालावर कमिशन खाऊ लागलो.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत ताळेबंदाआधी एक गोष्ट विचारा: संचालकांनी स्वतःची तूर यंदा कुठे विकली? प्रत्येकानं पावती सभेपुढे ठेवावी, आणि ज्याच्याकडे कंपनीची पावती नसेल त्यानं त्याच सभेत राजीनामा द्यावा.