न सांगण्याचे तीन महिने

दिवाळीच्या आगेमागे नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची पसरली की ठसका रस्त्यापर्यंत येतो. तिथे देठ खुडायला बसतात त्या बहुतेक बायाच. इतक्या जणींत एखाद-दुसरीला दिवस गेलेले असणारच, पण ती कोण हे शेजारणीलाही ठाऊक नसतं, कारण तीन महिने पुरे होईपर्यंत सांगायचं नसतं. तिला उमासे येतात, ती उठून कडेला जाते, चूळ भरून परत ढिगापाशी बसते. तिच्याच बरोबरीने दिवस गेलेली दुसरी त्याच ठसक्यात भाकरी-चटणी खाते आणि तिला काही होत नाही.

दुसरी सोशिक आणि पहिली नखरेल, असा निकाल घराघरांत लागून गेलेला आहे. ‘आम्ही सातव्या महिन्यापर्यंत निंदणीला जायचो, आम्हाला कुठं असं झालं?’ असं सासू म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. तिला खरोखरच झालेलं नसतं. स्वतःच्या शरीराचं माप ती सुनेला लावते, एवढीच तिची चूक. आणि ही चूक करण्यात सासू एकटी नाही. डॉक्टरही करतात, सरकारी योजना आखणारेही करतात. योजनांकडे मी पुढे येणारच आहे.

दर दहा गरोदर बायांपैकी सात-आठ जणींना मळमळतं, साधारण निम्म्या जणींना उलट्याही होतात. पाळी चुकल्यानंतर एक-दोन आठवड्यांत सुरुवात होते, नवव्या आठवड्याच्या सुमारास त्रास सर्वांत जास्त असतो आणि बारा ते चौदा आठवड्यांपर्यंत बहुतेकींचा ओसरतो. दहातल्या एखादीला तो विसाव्या आठवड्यानंतरही पुरतो, थोड्या जणी प्रसूतीपर्यंत भोगतात. कुणाला पहाटे होतो, कुणाला संध्याकाळी चूल पेटली की, कुणाला दिवसभर. एकीला फोडणीचा वास चालत नाही, दुसरीला नवऱ्याच्या अंगाचा. एकाच बाईची पहिली खेप सरळ जाते आणि दुसऱ्या खेपेला ती अंथरूण धरते. जुळं असेल, द्राक्षगर्भ असेल तर त्रास वाढतो. आईला किंवा सख्ख्या बहिणीला झाला असेल तर आपल्याला होण्याची शक्यता जास्त. ज्यांना गाडी लागते किंवा अर्धशिशी आहे, त्यांनाही जास्त. तळोद्याहून धडगावला चांदसैलीच्या घाटातून भरलेल्या जीपमध्ये बसून जाणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

हा फरक का पडतो, याचं बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर डिसेंबर 2023 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलं. जीडीएफ-15 नावाचं एक संप्रेरक आहे. ते सगळ्यांच्याच शरीरात थोडं असतं, पण गरोदरपणात गर्भाकडून मोठ्या प्रमाणावर आईच्या रक्तात येतं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रावर काम करून मळमळ निर्माण करतं. दिवस जाण्याआधी जिच्या रक्तात ते कमी होतं, तिच्या शरीराला त्याची सवय नसते, आणि तिला हा एकाएकी आलेला लोंढा सोसत नाही. जिच्या रक्तात ते आधीपासून भरपूर होतं, तिला फारसं काही जाणवत नाही. बीटा थॅलॅसेमिया असलेल्या बायांच्या रक्तात हे संप्रेरक कायमच चढलेलं असतं, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींना गरोदरपणी मळमळ जवळजवळ झालीच नाही, हा या संशोधनातला सर्वांत पटणारा पुरावा. या कामात पुढे असलेल्या अमेरिकेतल्या मार्लेना फेझो यांनी हा त्रास स्वतः भोगला आहे. 1999 मध्ये त्या इतक्या आजारी पडल्या की मूल हाती लागलं नाही, आणि डॉक्टरांनी त्यांचं दुखणं मनावर घेतलं नव्हतं. म्हणजे नखऱ्याचा शेरा तिकडेही मिळतो, फक्त इंग्रजीत.

तेव्हा कडक डोहाळे लागणं हा स्वभावाचा दोष मुळीच नाही, आणि डोहाळे न लागणं हा पराक्रमही नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाची लक्षणं सांगताना तोंडाला पाणी सुटणं, अन्नावरची वासना जाणं, उलटी, अरुची आणि आंबटाची ओढ यांची नोंद आहे. तिथे कुणाला नखरेल म्हटलेलं नाही. सातपुड्यात उन्हाळ्यात घरोघरी कैऱ्या सोलून, कापून आमचूर वाळत घालतात, भाजीला अंबाडी असते. आंबटाची सोय तिथे निसर्गानेच केलेली आहे. ‘फार ओकते म्हणजे मुलगी’ या समजुतीबद्दल मात्र दोन शब्द कडकपणे सांगायला हवेत. मोठ्या पाहण्यांमध्ये मुलगी असताना त्रासाचं प्रमाण किंचित जास्त आढळतं, पण ते इतकं किंचित आहे की एका बाईबद्दल त्यावरून काहीही सांगता येत नाही. आणि ज्यांना अजिबात मळमळत नाही त्यांनी घाबरून जाऊ नये. उलट्या होणाऱ्यांमध्ये गर्भपाताचं प्रमाण कमी दिसतं, हे खरं. पण न होणाऱ्या असंख्य जणींना धडधाकट बाळं होतात.

आता नंदुरबारकडे. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. दहातली सात माणसं आदिवासी: भिल, पावरा, कोकणी, मावची. उलट्यांचं प्रमाण इथे वेगळं असेल असं मला म्हणायचं नाही. त्या उलट्यांची किंमत वेगळी आहे. पुण्या-नाशिकच्या बाईचं वजन साठावरून सत्तावन्न झालं तर डॉक्टर काळजीने बघतात. चाळीस किलोच्या बाईचे दोन किलो गेले तर प्रमाण तेच, पाच टक्के. पण तिच्याकडे घालवायला मुळात काही नव्हतं. ती आधीच पांढुरकी असते. चौथ्या महिन्यापासून तिला लोहाच्या लाल गोळ्या मिळतात. त्यांनी मळमळ वाढते, म्हणून त्या डब्यात पडून राहतात. वर तिच्यावरच ठपका येतो की ‘गोळ्या खात नाही’. रात्री जेवणानंतर घे, चहाबरोबर घेऊ नकोस, एवढं कुणी सांगितलं तरी त्यातल्या बऱ्याच पोटात जातील.

त्याहून मोठी गोष्ट सिकलसेलची. सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार घराघरांत आहे. नुसती वाहक असलेली बाई सहसा ठीक असते, पण जी सिकलसेलची रुग्ण आहे तिच्या अंगातलं पाणी कमी झालं की तांबड्या पेशी वाकड्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फोडणाऱ्या वेदना सुरू होतात. दिवसात चार-पाच उलट्या आणि पाणी टिकत नाही, ही गोष्ट एखादीसाठी कंटाळवाणी असते. हिच्यासाठी ती जिवाशी गाठ असू शकते. तेव्हा ज्या बाईकडे सिकलसेलचं कार्ड आहे, तिच्या उलट्यांची चौकशी पहिल्याच भेटीत व्हायला हवी. शिवाय इथे मलेरिया आहे. ताप आणि उलटी एकत्र आली तर डोहाळे म्हणून सोडून देऊ नये, रक्ताची काच घ्यावी. डोळे पिवळे दिसत असतील, लघवीला जळजळ असेल तर तेही डोहाळे नव्हेत.

आणि इतकं सगळं जेव्हा घडतं, ते नेमके न सांगण्याचे तीन महिने. दृष्ट लागू नये म्हणून घर गप्प असतं. सरकारचं कॅलेंडरही बरंचसं याच रिवाजाला धरून आहे, हे बघून मला गंमत वाटते आणि रागही येतो. 2015 साली आदिवासी भागासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आली. अंगणवाडीत गरोदर बाईला रोज एक वेळचं पूर्ण जेवण: भाकरी, भात, डाळ, भाजी, अंडं, लाडू. चांगली योजना. पण ती आखली गेली शेवटच्या तिमाहीच्या हिशेबाने, कारण बाळाचं वजन तेव्हा झपाट्याने वाढतं. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर मातांना तपासतात, तेही दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या. डोहाळजेवणसुद्धा आपण सातव्या महिन्यात करतो; तोवर बहुतेकींचे डोहाळे सरून गेलेले असतात. बाराव्या आठवड्याच्या आत नोंदणी व्हावी, असा नियम आहे आणि आशाताई त्यासाठी धडपडतात. पण नोंदणी झाली की वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन लिहून घेतलं जातं. काल दिवसभरात पोटात काय टिकलं, हे कोण विचारतं?

दिवाळीनंतर तर प्रश्न विचारायला बाईच गावात नसते. दरसाल हजारो कुटुंबं ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत उतरतात. तिकडच्या पडावांवर पहाटे अंधारात काम सुरू होतं, उचल घेतलेली असते, आणि नवरा-बायको मिळून फेडायची असते. तिथे सातव्या-आठव्या आठवड्यातली बाई मोळ्या बांधता बांधता ओकते. मुकादमाला काय सांगणार? तिची नोंद गावच्या आशाकडे नाही, तिकडच्या दवाखान्यात ती परकी. ती परत येईपर्यंत पाचवा-सहावा महिना लागलेला असतो, आणि कार्डावर लिहिलं जातं: नोंदणी उशिरा.

उपायांबद्दलही भीती फार आहे, आणि तिला इतिहास आहे. 1957 साली जर्मनीत बाजारात आलेलं थॅलिडोमाइड गरोदर बायांना मळमळीवर दिलं गेलं, हातापायांविना हजारो मुलं जन्मली, आणि 1961 मध्ये ते मागे घेतलं गेलं. त्या धास्तीने पुढे निरपराध औषधंही मारली गेली. डॉक्सिलामिन आणि ब-6 जीवनसत्त्व यांची जोडगोळी खटल्यांना कंटाळून कंपनीने 1983 मध्ये अमेरिकेतून काढून घेतली. ती सुरक्षित असल्याचं पुन्हा पुन्हा दिसूनही तिथे परत यायला 2013 उजाडलं. आपल्याकडे ती मिळते, स्वस्त आहे, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घेण्यात काही धोका नाही. ‘सहन कर, जाईल आपोआप’ हा सल्ला फुकट असतो म्हणून इतका लोकप्रिय आहे. घरच्या घरी करण्यासारखंही बरंच आहे: उठण्याआधी कोरडा घास, थोडं थोडं आणि वारंवार खाणं, आलं, घोट घोट जलसंजीवनी, आणि फोडणी दुसऱ्या कुणी देणं. यातलं शेवटचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मीळ.

दवाखान्यांसाठी एक तांत्रिक पण महत्त्वाची गोष्ट. आठवडे आठवडे काही न टिकलेल्या बाईला नुसती ग्लुकोजची बाटली लावली, तर तिच्या शरीरात उरलेलं ब-1 जीवनसत्त्वही संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. आधी ब-1, मग ग्लुकोज. सातपुड्यातल्या मोलगीच्या दवाखान्यात असो वा मुंबईच्या, क्रम हाच.

माझं म्हणणं थोडक्यात असं की मदत सातव्या महिन्याची वाट बघत बसू नये. अमृत आहाराच्या ताटाचं दार पहिल्या तिमाहीलाही उघडावं. भरलं ताट बघूनच जिला ओकारी येते तिला ते तीन वेळा वाटून न्यायची मुभा द्यावी. ऊसतोडीला निघणाऱ्या बायांची विचारपूस गाडी सुटायच्या आधी व्हावी. आणि घरच्यांनी दृष्टीच्या भीतीने गावाला सांगितलं नाही तरी चालेल, पण आशाताईंना पाळी चुकल्याबरोबर सांगावं. चोवीस तासांत पाणीही पोटात टिकत नाही, आठ-आठ तास लघवी होत नाही किंवा गडद होते, उठल्यावर चक्कर येते, उलटीत रक्त दिसतं, यातलं एक जरी असलं तरी तिसरा महिना भरायची वाट न पाहता तिला दवाखान्यात न्या. गाडीसाठी 102 किंवा 108 लावा.