कोड न लिहिणाऱ्यांच्या हाताला काम द्या

भिलाईतल्या खुर्सीपारसारख्या वस्तीत टायपिंग-झेरॉक्सचं दुकान म्हणजे अर्धं सरकारी कार्यालयच. भिलाईच्या पोलाद कारखान्यापायी देशभरातली माणसं इथे येऊन वसली, त्यामुळे अर्ज हिंदीत, बोलणं छत्तीसगढीत आणि गिऱ्हाईक तेलुगू, ओडिया नाहीतर मराठी. इकडच्या जुन्या टायपिस्टची बोटं कृतीदेव या युनिकोडपूर्व फाँटला सरावलेली असतात. तो मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार कुठे सरकतो, कोणतं जोडाक्षर फुटतं, पहिली वेलांटी कोणत्या भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते, हे त्याला नेमकं ठाऊक असतं. आपल्यातल्या किती प्रोग्रामरना ते तितकं माहीत आहे? आणि तरीही त्याची तक्रार आपल्यापर्यंत येत नाही.

मुक्तस्रोत सर्वांसाठी आहे, असं आपण दर संमेलनात बोलतो. मग कोणी खरोखर आलाच, तर त्याला आधी गिट शिकायला बसवतो. बिचारा दुसऱ्या दिवशी फिरकत नाही.

प्रोग्रामर नसलेला माणूस काय करू शकतो, याचं छान उत्तर छत्तीसगढनेच दिलेलं आहे. रविशंकर श्रीवास्तव, म्हणजे रवि रतलामी, जन्माने छत्तीसगढी. वीस वर्षं वीज मंडळात नोकरी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि लोडशेडिंगशी गाठ. लिनक्सवरचे ग्नोम आणि केडीई हे डेस्कटॉप हिंदीत आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे त्यांनी केडीई छत्तीसगढीतही आणलं. कंपन्यांच्या नफ्या-तोट्यात अशी भाषा सहसा बसत नाही. ती बसवायला कोणाची परवानगी लागली नाही, हीच मुक्त परवान्याची खरी कमाई. मराठीपुरतं बोलायचं तर र. कृ. जोशींचं नाव घ्यावं लागेल. सुलेखनकार, कवी, उमेदीची वर्षं जाहिरातीच्या धंद्यात. मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत त्यांनी घडवलेला ‘रघू’ हा देवनागरी फाँट मुक्त परवान्याखाली आला आणि लिनक्सवर देवनागरी आणू पाहणाऱ्यांना सुरुवातीच्या काळात त्याचा आधार झाला. अक्षराचं वळण कळणारा माणूस त्या कामात नसता, तर नुसत्या कोडने काय दिसलं असतं पडद्यावर?

अर्थात रतलामी आणि जोशी ही मोठी माणसं. आपल्याला रोज लागतात ती तासाभराची कामं करणारी माणसं, आणि ती कामं वेगळी काढून ठेवणं ही प्रकल्प चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. लिब्रेऑफिसची पद्धत पाहा. नवी तक्रार आली की ती आधी ‘अनकन्फर्म्ड’ म्हणून पडून राहते. दुसऱ्या कोणीतरी आपल्या संगणकावर तीच कृती करून तीच चूक दिसते का ते पाहायचं, आवृत्ती नोंदवायची, पडद्याचं चित्र जोडायचं, मग तक्रार ‘न्यू’ होते. यात कोडची एक ओळ लिहावी लागत नाही. देवनागरीच्या तक्रारींना तर आपला टायपिस्टच हवा. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या आवाजाचे नमुने गोळा करणाऱ्या प्रकल्पात मराठी वाक्यं वाचायला आणि दुसऱ्यांनी वाचलेली ऐकून तपासायला नुसतं धड वाचता येणं पुरतं. भाषांतरासाठी वेबलेट, पाँटून ही साधनं थेट ब्राउझरमध्ये चालतात. कमांड लाइनचं तोंडही बघावं लागत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: नवख्यांचं काम तपासण्यातच आमचा वेळ जातो. खरं आहे, जातो. कोडचे पॅच तपासण्यातही जातोच, पण तिथे आपण कुरकुरत नाही. आणि आवृत्ती प्रसिद्ध करताना श्रेयनामावलीत फक्त कमिट करणाऱ्यांची नावं येतात, हा तर निव्वळ आळस आहे. चूक नोंदवणारा, पुस्तिका लिहिणारा, फाँट तपासणारा, सगळ्यांची नावं तिथे छापायला खर्च शून्य.

वाचकांकडे एक मागणी. तुमच्या प्रकल्पात देवनागरी मजकुराची चाचणी घ्यायचा साधा, मराठी किंवा हिंदीतला फॉर्म असेल, तर तो आमच्याकडे पाठवा. नसेल तर या महिन्यात बनवा आणि मग पाठवा. पुढच्या अंकात दोन पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.