गाइडला विचारायचा प्रश्न

शनिवारवाडा, लाल महाल वगैरे शाळेच्या सहलीतच झालेलं. म्हणून या शनिवारी आम्ही चौघांनी दिवसभरासाठी गाडी आणि खास आपला असा गाइड ठरवला. म्हटलं, ‘काका, शहराबाहेर काढा!’ नगर रोडच्या ट्रॅफिकमधून सुटून, कोरेगाव भीमावरून थेट वढू बुद्रुक.

इथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाच्या हुकमाने त्यांची हत्या झाली. वय अवघं ३१. आमच्यातला सगळ्यात मोठा ३२चा, आणि त्याला टेन्शन अप्रेझलचं! बोलतीच बंद झाली.

गावातच गोविंद गोपाळ यांचीही समाधी. मी विचारलं, ‘महाराजांचे अंत्यसंस्कार नक्की कुणी केले?’ काका जरा थांबले. ‘एक परंपरा गोविंद गोपाळ महार यांचं नाव घेते, दुसरी इथल्या शिवले मंडळींचं.’ याच वादातून डिसेंबर २०१७ मध्ये इथे फलकावरून तणाव झाला होता.

‘मग तुम्ही काय सांगता?’

‘दोन्ही सांगतो. आणि दोन्हीकडे डोकं टेकवतो.’

पन्नास जणांच्या बसमध्ये हा प्रश्न मी विचारलाच नसता. तेव्हा मंडळी, वीकेंडला गाइड जरूर घ्या. पण फोटो काढायच्या आधी त्याला एक तरी अवघड प्रश्न विचारा.