कुरुंदवाडात संशोधन वाचतंय कोण?

कुणालाही पैसे न भरता वाचता येतील अशा खुल्या शोधनियतकालिकांची आमच्या भागातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी परवा चर्चासत्रात यथेच्छ टर उडवली. म्हणणं असं : फुकट ते फालतू, सरकारने वर्गणी भरलीच आहे, आणि मुळात कुरुंदवाडात संशोधन वाचतंय कोण? टाळ्या पडल्या. जेवणही चांगलं होतं.

पैसे घेऊन काहीही छापणारी दुकानं आहेत, कबूल. पण त्यांची गिऱ्हाइकं कोण? बढतीच्या गुणांसाठी रांग लावणारे आपणच. दुसरं, ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या केंद्र सरकारच्या योजनेचे तीन वर्षांचे ६,००० कोटी सरकारी संस्थांसाठी आहेत, बाहेरच्याला त्यातलं पानही उघडत नाही.

तिसरा मुद्दा मात्र डोक्यात गेला. आमच्या शिरोळ तालुक्यात उसाला पाणी पाजून पाजून हजारो एकर रान क्षारपड झालं. अशा रानात संशोधक येतात, मातीवरची पांढरी खपली खरवडून पिशव्या भरतात, शेतकऱ्याचा चहा पितात आणि जातात. पुढे लेख परदेशी नियतकालिकात येतो. तो उघडायला डॉलर मोजावे लागतात. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करायचा तर खोली किती, दोन ओळींत अंतर किती, हे त्या मातीवरच ठरतं. कर्ज काढून पाइप टाकणारा हे वाचणार नाही? त्याला इंग्रजी जमत नसेल, तर त्याचा कृषी पदवीधर पोरगा वाचेल, कारखान्याचा शेती अधिकारी वाचेल. २०१९ आणि २०२१ चा महापूर सोसलेल्या कुरुंदवाडात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी शाळकरी पोरंही सांगतात. यांना म्हणे आकडे कळत नाहीत!

मिरजेत शाळामास्तर असलेल्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रं १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त छापायला घेतली. आधी वाचक मोजत बसले असते, तर ती दप्तरं वाळवीनेच वाचली असती.

२००९ नंतर पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या खुल्या ऑनलाइन संग्रहावर चढवायची वेळ आली, तेव्हाही हीच मंडळी ‘चोरी होईल’ म्हणून ओरडत होती. प्रबंध चढले तेव्हा कळलं, काही ठिकाणी चोरी आधीच उरकलेली होती!

मग प्राध्यापकांनी करायचं काय? ‘नेचर’ने लेख खुला ठेवायला ९,५०० युरो मागितले होते, तो आपला रस्ता नव्हे. लेख स्वीकारला गेला की आपली अंतिम प्रत विद्यापीठाच्या ऑनलाइन संग्रहात ठेवावी. बऱ्याच प्रकाशकांना हे चालतं, कधी वर्षभर थांबून. हक्क लिहून देण्याआधी करार वाचावा. ज्याच्या रानातून माती नेली, त्याला दोन पानी मराठी सारांश पाठवावा. आणि निवड समितीवर बसल्यावर नियतकालिकाच्या नावावर गुण न देता लेख वाचावा. हे सगळ्यांत अवघड. तिथे लेख वाचायची पद्धत अजून पडलेली नाही.