क्लाउडवर नेलं, पण आतल्या दारांचं काय?

‘आता सगळा डेटा क्लाउडवर, फायरवॉलसकट!’ पतसंस्थांचे अहवाल असोत की नगरपालिकांच्या निविदा, हे वाक्य हल्ली सर्रास दिसतं. फायरवॉल नेमकी कुठं बसवली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: कंपनी बघते.

मंडळी, गोम इथंच आहे.

क्लाउड म्हणजे कुठल्या तरी डेटा सेंटरमधला दणकट सर्व्हर आणि त्याच्या पोटात सॉफ्टवेअरनं पाडलेले दहा-वीस-पन्नास आभासी सर्व्हर. ते एकमेकांशी बोलतात तेव्हा वायर लागत नाही. त्याच यंत्रात एक व्हर्च्युअल स्विच असतो, तोही निव्वळ सॉफ्टवेअर, तो निरोप इकडचा तिकडं करतो. आता दाराशी कितीही महागडी फायरवॉलची पेटी ठेवा, आतल्या आत चाललेली ही ये-जा तिच्यासमोरून जातच नाही. ती अडवणार काय? म्हणून प्रत्येक आभासी सर्व्हर स्विचला जिथं जोडला जातो, तिथंच नियम लावावे लागतात. वेबसाइटनं फक्त ॲपशी बोलायचं, डेटाबेसकडं फक्त ॲपनं जायचं, हजेरीच्या सर्व्हरनं दोघांच्या वाटेलाच जायचं नाही. वाड्याच्या दिंडीला भलंमोठं कुलूप अन् आत तिजोरीच्या खोलीला कडीसुद्धा नाही, हे कसं चालेल?

दिल्लीचं एम्स आठवा. नोव्हेंबर २०२२. पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा हल्लेखोरांनी कुलूपबंद केला. देशातल्या एवढ्या मोठ्या दवाखान्यात कित्येक दिवस कागद-पेनवर कारभार चालला. सरकारनं संसदेत कारण सांगितलं ते असं की नेटवर्कचे भाग नीट पाडलेले नव्हते. तिथले सर्व्हर एम्स स्वतःच सांभाळत होतं, क्लाउडचा प्रश्न नव्हता. रोग मात्र हाच.

आणि ‘कंपनी बघते’ म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतली कॅपिटल वन बँक बघावी. २०१९ मध्ये ॲमेझॉनच्या क्लाउडवरून तिच्याकडची सुमारे १० कोटी अमेरिकी लोकांची माहिती गेली. फायरवॉल होती की! पण चुकीची लावलेली. पुढच्या वर्षी ८ कोटी डॉलरचा दंड झाला, तो बँकेला. करारातच असतं ना: इमारत, यंत्रं, स्विच क्लाउडवाल्याचे, कुणाला आत सोडायचं ते नियम तुमचे.

आपल्याकडं हे नियम लिहितं कोण? बहुतेकदा व्हेंडरचा एखादा पोरगा, सिस्टिम सुरू व्हायच्या आदल्या रात्री. काही अडलं की ‘सध्या सगळं उघडं ठेवू, नंतर बंद करू’. ते ‘नंतर’ उगवत नाही. पोराला दोष देत नाही मी, त्याला घाई करणारे आपलेच संचालक असतात.

सप्टेंबरअखेरपर्यंत पतसंस्थांच्या वार्षिक सभा होतील. लाभांशाचा विषय झाला की उभे राहा. फायरवॉलचे नियम शेवटचे कधी तपासले, कुणी तपासले, काम संपवून गेलेल्या व्हेंडरचा पासवर्ड अजून चालतो का, एवढं विचारा. नियमांची यादी भर सभेत मागू नका, ती चोरालाही उपयोगी पडेल. तारीख आणि सही मागा.