घर बदलताना

समुद्राचे खारे पाणी काचेच्या टाकीत राखून प्रवाळ व मासे पाळणारे लोक मोठ्या टाकीत बिऱ्हाड हलवितात, तेव्हा त्यांना अधिक चिंता असते ती दगडांची. माशांच्या उत्सर्गातून अमोनिया हे विष निपजते. दगडांवर वसणारे अदृश्य सूक्ष्मजंतू त्याचे आधी नायट्राइट व मग बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. दगड सुकले तर हे सेवक मरतात आणि प्रशस्त टाकीतही मासे दगावतात. म्हणून दगड ओलेच नेतात. नव्या पाण्यातील क्षार, हजार भागांत सुमारे ३५, व तपमान जुन्याशी जुळवितात.

वाचकहो, मोठ्या घरात जाताना आपण भांडीकुंडी मोजून नेतो. घरातील कटुता रोज जिरविणारी सायंकाळची जपमाळ मात्र मागे राहते. प्रथम तीच न्यावी, असे आम्ही सुचवितो.