आधी भाकर, मग खबर?

‘उपाशी माणसाला माहिती कसली देता? आधी भाकर द्या!’ निर्वासितांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणारा दानशूर असतो, जकातही चोख काढतो. पण भाकर कुठं वाटतात, कोणत्या दिवशी, त्यासाठी कोणतं कार्ड लागतं, हे ज्याला कळत नाही त्याच्या हाती भाकरही पडत नाही.

25 ऑगस्ट 2017 नंतर म्यानमारच्या राखाईन प्रांतातून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशातील कॉक्स बझारच्या टेकड्यांवर आले. इंटरन्यूज या संस्थेनं त्याच वर्षी छावण्यांत पाहणी केली. पुरेशी माहिती मिळत नाही, असं तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी सांगितलं. तांदूळ पोचला, ताडपत्री पोचली; शब्द पोचले नाहीत. वर्षअखेरीस घटसर्पाची साथ आली. लस का टोचायची, पोराला घेऊन कुठं जायचं, हे आईला सांगायचं कुणी आणि कोणत्या भाषेत?

खरी गोम इथंच आहे. फलक लागले बंगाली, बर्मी आणि इंग्रजीत. हे लोक बोलतात रोहिंग्या. ती चितगावी बोलीला जवळची, म्हणून ‘चालवून घ्या’ असं ठरलं. ट्रान्सलेटर्स विदाउट बॉर्डर्सनं तपासलं, तेव्हा एक तृतीयांशांहून अधिक निर्वासितांना चितगावीतलं साधं वाक्यही कळलं नाही. वाचणारे मुळात थोडे. ज्या राजवटीनं 1982 च्या कायद्यानं त्यांचं नागरिकत्व नाकारलं, तिनं शाळेची वाटही अडवली. आणि पडद्यामुळे झोपडीबाहेर न पडणाऱ्या बाईला फलकाचा उपयोग काय? तिच्या दारी तिच्या बोलीत बोलणारी बाईच गेली पाहिजे.

माहितीची किंमत सरकारांना मात्र नेमकी कळते. जून 2019 मध्ये म्यानमारनं राखाईन आणि चिन प्रांतांतल्या अनेक तालुक्यांचं इंटरनेट तोडलं. सप्टेंबरात बांगलादेशानं छावण्यांतली मोबाइल सेवा आवळली, ती ऑगस्ट 2020 मध्ये मोकळी केली. मधल्या काळात कोरोना छावणीत शिरला होता. माहिती ही चैन असती तर ती तोडायची एवढी घाई कुणी केली असती का?

आता आपल्याकडे वळू. ‘मुसलमान ना, मग उर्दू चालेल,’ हे आपण जन्मभर ऐकत आलो. 1990 मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, ते याच गैरसमजाला उत्तर म्हणून. धर्म एक असला म्हणजे भाषा एक होत नाही, हे आपल्यापेक्षा चांगलं कोण जाणतं? तरीही रोहिंग्यांसाठी झोळी फिरते तेव्हा आपण ब्लँकेटं मोजतो. तिथं दुभाषा आहे का, हे विचारत नाही. उम्मतच्या नावानं रडणं सोपं आहे. त्या उम्मतमधला एक माणूस आपल्याला न कळणाऱ्या बोलीत काहीतरी विचारतो आहे, हे मानणं अवघड आहे.

म्हणून यापुढे वर्गणी देताना एक प्रश्न जरूर विचारा : या पैशातून त्यांच्या भाषेत बोलणारा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांचं ऐकून घेणारा, एक तरी माणूस नेमणार आहात का? उत्तर ‘नाही’ असेल तर पावती फाडू नका. भाकर देऊन तोंड बंद ठेवायला लावणं याला मदत म्हणत नाहीत.